पैलूंचा शेजार

नाशिकचा काळा दगड बाहेरून अगदी अरसिक. खडी त्याची, पाटा-वरवंटा त्याचा, काळाराम मंदिराचे चिरेही त्याच जातीचे. पण खाणीत सुरुंग उडाला की कधीकधी दगडाच्या पोटात पोकळी निघते आणि तिच्या आतल्या भिंतींवर स्फटिक उगवलेले असतात. स्टिल्बाइटच्या फिकट गुलाबी जुड्या, स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सुया आणि कधी पाण्यासारखं स्वच्छ, कधी हिरवट झाक असलेलं ॲपोफिलाइट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्यांतून क्षारांचं गरम पाणी झिरपलं आणि हे सगळं निवांत वाढत राहिलं. पांडवलेण्याच्या आसपासच्या खाणींतले असे नमुने परदेशातल्या संग्राहकांकडे मानाने बसलेत. आपण मात्र त्याच डोंगराखालून मुंबईकडे जाताना खड्ड्यांकडे लक्ष ठेवून असतो.

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत के. सी. पांडे यांनी उभं केलेलं ‘गारगोटी’ हे खनिजांचं संग्रहालय आहे. मी रसायनशास्त्र शिकवते आणि एमएस्सीच्या मुलांना तिथे घेऊन जाते. मुलं मोठमोठ्या जांभळ्या स्फटिकांपुढे फोटो काढतात. मी त्यांना ओढून ॲपोफिलाइटच्या कपाटापुढे उभं करते आणि सांगते, नावं पाठ करू नका, तोंडं म्हणजे पैलू बघा. काही ॲपोफिलाइट टोकदार, पिरॅमिडसारखी असतात. काही थेट चौकोनी ठोकळे, जणू घनच. खनिज एकच, आतली अणूंची मांडणी एकच. त्या ठोकळ्याला सहा बाजू असल्या तरी त्या सारख्या नाहीत. चार बाजू काचेसारख्या चमकतात, त्यांवर उभ्या बारीक रेघा असतात. वरची आणि खालची बाजू मोत्यासारखी, किंचित दुधाळ चमकते. ॲपोफिलाइटच्या आत सिलिकेटचे थर एकावर एक रचलेले असतात, थरांच्या मध्ये कॅल्शियम, पोटॅशियम, फ्लोरिन आणि पाण्याचे रेणू. वरून बघणाऱ्याला थराचं तोंड दिसतं, बाजूने बघणाऱ्याला थरांच्या कडा. चमक वेगळी असणारच.

एकाच स्फटिकाची दोन तोंडं प्रकाशाशी वेगळी वागतात, हे तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतं. माझ्या कामात तेच मला धूळभर कणांवर शोधावं लागतं. पाण्यात एक पूड ढवळायची, तिच्यावर प्रकाश सोडायचा आणि पाण्यातून हायड्रोजन काढायचा, असं ते काम. बोलायला सोपं.

याची सुरुवात सांगताना जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांचं १९७२ सालचं काम सांगतात. टायटॅनियम डायऑक्साइडच्या स्फटिकाचा एक इलेक्ट्रोड, समोर प्लॅटिनमचा, मध्ये पाणी. टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला आणि पाण्याचं ऑक्सिजन-हायड्रोजनमध्ये विघटन सुरू झालं. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या रंगातला, टूथपेस्टमधला पांढरेपणा. त्या मूळ प्रयोगातसुद्धा स्फटिकाचं कुठलं तोंड पाण्याकडे होतं याची नोंद आहे, ००१. माझ्या पिढीने तो संदर्भ हजारदा लिहिला, पण त्या तीन आकड्यांवरून बहुतेकांची नजर नुसती घसरत गेली. स्फटिकाच्या तोंडांना असे तीन आकडे देण्याची पद्धत मिलर यांची, १८३९ सालची. तीन अक्षांच्या संदर्भात ते तोंड कसं कललं आहे याचा तो पत्ता.

प्रकाशाचा कण टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या अर्धवाहकावर आदळला की एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जेच्या पट्ट्यात उडतो आणि त्याच्या मागे एक रिकामी, धनभारित जागा उरते. तिला ‘होल’ म्हणतात. इलेक्ट्रॉनने पृष्ठभागावर येऊन पाण्यातल्या हायड्रोजनच्या आयनांना भेटायचं, होलने पाण्याचाच इलेक्ट्रॉन ओढून ऑक्सिजन सोडायचा. पाणी फोडायला किमान १.२३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. अ‍ॅनाटेज जातीच्या टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये पट्ट्यांतलं अंतर ३.२ आहे, म्हणजे ऊर्जा मुबलक. अडचण वेळेची. इलेक्ट्रॉन आणि होल यांना एकमेकांची ओढ असते आणि बहुतेक जोड्या सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आतबाहेर पुन्हा एकत्र येऊन थोडीशी उष्णता सोडून संपतात. पृष्ठभागावरची रसायनक्रिया त्या मानाने फारच सावकाश, सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही हळू चालणारी. प्रकाश शोषून घेणं जमतं, जोडी फुटणंही जमतं. फुटलेली जोडी फुटलेलीच कशी राहील, हा या विषयातला खरा प्रश्न.

मला वाटतं, आमच्या विषयात यावर उत्तर म्हणून नवनव्या पदार्थांचा जो सोस वाढला त्याने थोडं नुकसानच केलं. ह्यात ते मिसळ, त्यात हे घाल, लांबलचक नाव तयार कर, आलेख काढ, शोधनिबंध छाप. जुनाच पदार्थ घेऊन त्याच्या तोंडांकडे नीट बघत बसणारे कमी होते. पण खरी मजल त्यांनीच मारली.

स्टेनो नावाच्या डॅनिश माणसाने १६६९ मध्येच सांगून ठेवलं होतं की एखाद्या खनिजाच्या स्फटिकांचे आकार कितीही वेगळे दिसोत, त्याच त्या तोंडांमधले कोन बदलत नाहीत. तोंडं लहानमोठी होतात, कोन तेच. मग कुठलं तोंड मोठं होणार? त्याचा हिशेब वुल्फने १९०१ मध्ये मांडला. ज्या तोंडाची पृष्ठभाग ऊर्जा जास्त, ते स्फटिक वाढता वाढता स्वतःला संपवतं, आणि शांत, कमी ऊर्जेची तोंडं पसरत जातात. अ‍ॅनाटेजमध्ये १०१ या तोंडाची ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे ०.४४ ज्यूल, तर ००१ ची ०.९०, म्हणजे दुपटीहून जास्त. त्यामुळे अ‍ॅनाटेज नैसर्गिकपणे वाढू दिलं तर हिशेबाने पृष्ठभागाचा ९४ टक्क्यांहून जास्त भाग १०१ तोंडांचा निघतो: दोन पिरॅमिड तळाला तळ लावून, टोकं जेमतेम छाटलेली. ते छाटलेलं टोक म्हणजे ००१. ॲपोफिलाइट आणि अ‍ॅनाटेज रसायनाने एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहणार नाहीत, पण स्फटिकांच्या कुळाने दोघे एकच, चतुष्कोनी. म्हणूनच मी मुलांना त्या कपाटापुढे उभं करते. टोकदार आणि ठोकळा यांतला फरक तिथे हातभर अंतरावर असतो.

००१ वर ऊर्जा जास्त का? स्फटिकाच्या आतला प्रत्येक टायटॅनियम सहा ऑक्सिजनांना बांधलेला असतो. १०१ तोंडावर निम्म्या टायटॅनियमांचा एक एक हात मोकळा राहतो, ००१ वर सगळ्यांचाच. मोकळा हात म्हणजे समोरच्या रेणूला पकडायची तयारी. गणित असं सांगत होतं की पाण्याचा रेणू ००१ वर येताच तुटेल आणि १०१ वर नुसता येऊन बसेल. मग सगळ्यांना वाटलं, ००१ मोठं करता आलं तर काम फत्ते.

ते २००८ मध्ये जमलं. ऑस्ट्रेलियात काम करणाऱ्या यांग आणि लू यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं की हायड्रोफ्लोरिक आम्लात स्फटिक वाढवले तर फ्लोरिन पृष्ठभागावर चिकटतो आणि तोंडांच्या ऊर्जेचा क्रमच उलटा होतो, ००१ शांत होतं आणि पसरतं. त्यांच्या स्फटिकांवर ४७ टक्के पृष्ठभाग ००१ चा होता. नंतर ६०० अंशांना तापवून फ्लोरिन काढून टाकला तरी आकार टिकला. त्यानंतरची काही वर्षं या क्षेत्रात नुसती झुंबड होती.

हायड्रोफ्लोरिक आम्लाबद्दल एक वाक्य आगाऊ लिहिते, कारण हे वाचून कुणी विद्यार्थी हुरळून जाईल. ते काच खातं, कातडीतून न दुखता आत शिरतं आणि हाडातल्या, रक्तातल्या कॅल्शियमला धरतं. कॅल्शियम ग्लुकोनेटचं मलम हाताशी नसेल, फ्यूम हुड (विषारी वाफा ओढून नेणारं कपाट) धड चालत नसेल, तर त्या बाटलीचं झाकणही उघडू नये. छोट्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत त्याऐवजी फ्लोराइडचे क्षार वापरून भागवतात. तेही जपूनच.

तर २००८ नंतर सगळीकडे ‘सर्वांत क्रियाशील तोंड’ म्हणून ००१ चा जयजयकार. आणि २०११ मध्ये चीन आणि ऑस्ट्रेलियातल्या पान, लिऊ, लू आणि चेंग यांनी एक शांत, जरा चिडवणारा निबंध लिहिला. त्यांनी ००१, ०१० आणि १०१ अशी वेगवेगळी तोंडं प्रबळ असलेले अ‍ॅनाटेजचे स्फटिक बनवले, पृष्ठभाग स्वच्छ केले आणि हायड्रोजन मोजला. ०१० सर्वांत पुढे, मग १०१ आणि ००१ सर्वांत मागे. यातला लू म्हणजे तोच, २००८ च्या कामातला. स्वतःच्याच गाजलेल्या कामाशेजारी असा निकाल मांडायला जे लागतं ते मला फार मोलाचं वाटतं. त्या छोट्या निबंधावर मी मुलांना अख्खा तास देते.

मोकळे हात असूनही ००१ मागे का पडलं? कारण त्या हातांना काम द्यायला इलेक्ट्रॉन तिथे यायला तर हवेत. ते येतात दुसऱ्याच तोंडावर.

आता इलेक्ट्रॉन कुठे येतो हे बघायचं कसं, हा भाग मला या सगळ्या विषयात सर्वांत देखणा वाटतो. इलेक्ट्रॉन दिसत नाही, पण त्याच्याकडून सही घेता येते. पाण्यात प्लॅटिनमचा क्षार विरघळवा, पूड घाला, दिवा लावा. प्लॅटिनमच्या आयनाला इलेक्ट्रॉन मिळाले की तो धातू होऊन तिथल्या तिथे बसतो. म्हणजे जिथे प्लॅटिनमचे ठिपके, तिथे इलेक्ट्रॉनचा दरवाजा. होलसाठी शिशाचा क्षार घ्या. होल त्याचा इलेक्ट्रॉन ओढतात आणि शिशाचा तपकिरी ऑक्साइड होऊन जागेवर चिकटतो. मग पूड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. जपानच्या ओहनो, सारुकावा आणि मात्सुमुरा यांनी २००२ मध्ये हे केलं आणि फोटोत दोन्ही ठिपके वेगवेगळ्या तोंडांवर दिसले. रूटाइल या टायटॅनियम डायऑक्साइडच्याच दुसऱ्या जातीत प्लॅटिनम ११० वर, शिसं ०११ वर. अ‍ॅनाटेजमध्ये इलेक्ट्रॉनचं काम १०१ वर, होलचं ००१ वर. अणूंची मांडणी बदलली की प्रत्येक तोंडाजवळ ऊर्जेच्या पातळ्या किंचित सरकतात. तेवढ्या उतारावर इलेक्ट्रॉन एकीकडे घरंगळतो, होल दुसरीकडे.

म्हणजे ००१ आणि १०१ यांत कोण श्रेष्ठ, हा वादच चुकीच्या जागी चालला होता. दोन्ही लागतात. एकमेकांना लागून लागतात. नुसतं ००१ वाढवत नेलं तर होलला अंगण मिळतं आणि इलेक्ट्रॉन कोंडतो.

आमच्या प्रयोगशाळेत चांगला सूक्ष्मदर्शक नाही. नमुने पुण्या-मुंबईला पाठवायचे, तारखेची वाट बघायची, फोटो आले की त्यात ज्या कणाचं तोंड दिसायला हवं तोच नेमका पालथा पडलेला. पण एवढं सगळं नसलं तरी दिव्याखाली पांढरी पूड हळूहळू राखाडी होताना मुलं बघतात. क्लोरोप्लॅटिनिक आम्लाचे पिवळसर थेंब, थोडं मिथेनॉल, नायट्रोजन सोडून हवा घालवलेली क्वार्ट्झची कुपी आणि मग तो करडेपणा. “मॅडम, जळालं का?” असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

तो करडेपणा म्हणजे प्लॅटिनम, इथला सहउत्प्रेरक: पुडीवर बसून क्रियेचा वेग वाढवणारा मदतनीस. त्याचं काम समजावताना मी लासलगावची बाजार समिती आठवायला सांगते. कांद्याचा ट्रॅक्टर फाटकातून आत आला म्हणजे व्यवहार झाला असं नसतं. उतरवून घ्यायला हमाल नसतील, काटा बंद असेल, तर माल उन्हात तसाच उभा राहतो आणि संध्याकाळी परत जातो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या तोंडावर आलेल्या इलेक्ट्रॉनची हीच गत. नुसत्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर दोन हायड्रोजन अणू जोडून रेणू बनवणं जड जातं. प्लॅटिनम हायड्रोजनला धरतो तोही बेताचा, फार सैल नाही, फार घट्ट नाही; म्हणून तिथे ते काम झटक्यात होतं. शिवाय धातू स्वतः इलेक्ट्रॉन खेचून धरतो, त्यामुळे तो माघारी फिरून होलला भेटायची शक्यता कमी होते.

मग भरपूर प्लॅटिनम घाला, असं मुलांना वाटतं. वजनाच्या अर्धा-एक टक्क्याच्या पुढे गेलात की उत्पन्न सहसा खाली येतं. काळे ठिपके प्रकाश अडवतात, ठिपके वाढून एकमेकांत मिसळतात, आणि काही ठिपके जिथे होल यायचे तिथेही बसून इलेक्ट्रॉन-होलची गाठ घालून देऊ लागतात. किती घातलं यापेक्षा कुठे बसलं याला महत्त्व आहे, याचा लखलखीत पुरावा चीनमधल्या दालियनच्या ली रेंगुई आणि ली चान यांनी २०१३ मध्ये दिला. बिस्मथ व्हॅनाडेट या पिवळ्याधमक पदार्थाच्या स्फटिकांवर इलेक्ट्रॉन ०१० तोंडांवर येतात आणि होल ११० वर. त्यांनी प्रकाशाच्याच साहाय्याने एकीकडे प्लॅटिनम आणि दुसरीकडे मँगनीजचा ऑक्साइड बसवला. तेच दोन पदार्थ नुसते भिजवून, सुकवून, कुठेही कसेही बसवले तर काम कितीतरी पटींनी कमी. बिस्मथ व्हॅनाडेट एकटं हायड्रोजन देऊ शकत नाही, त्याच्या इलेक्ट्रॉनमध्ये तेवढा जोर नाही. त्यांनी मोजला तो ऑक्सिजन. पण धडा तोच.

प्लॅटिनमची एक खोड मात्र वेगळीच आहे. त्याला हायड्रोजन बनवता येतो तसा तो पुन्हा ऑक्सिजनशी जोडून पाणीही करता येतं, आणि ते काम त्याला जास्त सोपं. म्हणजे दोन्ही वायू एकाच भांड्यात निघत असतील तर आपण दिवसभर पाणी फोडायचं आणि प्लॅटिनमने ते परत सांधायचं. यावरचा उपाय माएदा आणि दोमेन यांनी २००६ मध्ये काढला. ऱ्होडियमच्या कणावर क्रोमियम ऑक्साइडचं अत्यंत पातळ कवच. त्या कवचातून हायड्रोजनचे आयन आत जातात, हायड्रोजन बाहेर येतो, पण ऑक्सिजन आतल्या धातूपर्यंत पोचत नाही. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ तशीच बसून होते. इतकं नेमकं दार कुणाला सुचलं असेल!

दोमेन हे नाव लक्षात ठेवण्यासारखं. १९८० मध्ये त्यांनी स्ट्रॉन्शियम टायटनेटवर निकेलचा ऑक्साइड बसवून पाण्याची वाफ फोडली होती. २०२० मध्ये त्यांच्या आणि ताकाता यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये जे छापलं त्यातला पदार्थही स्ट्रॉन्शियम टायटनेटच. चाळीस वर्षं एकच पूड! मधल्या काळात बदललं ते एवढंच: स्फटिक वितळलेल्या क्षारात वाढवून त्याला दोन प्रकारची स्वच्छ तोंडं आणली, १०० आणि ११०. आतले दोष घालवायला थोडा ॲल्युमिनियम घातला. याची गंमत अशी की आधीच्या एका कामात तो ॲल्युमिनियम भट्टीतल्या ॲल्युमिनाच्या मुशीतूनच स्फटिकात शिरलेला होता. मग १०० वर ऱ्होडियम आणि त्याचं क्रोमियमचं कवच, ११० वर कोबाल्ट, सगळं प्रकाशाने जागच्या जागी बसवलेलं. ऱ्होडियम फक्त ०.१ टक्का. निकाल असा की ३५० ते ३६० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात बाह्य क्वांटम कार्यक्षमता ९६ टक्के. आत गेलेला जवळजवळ एकही प्रकाशकण वाया नाही. त्याआधी २०१६ मध्ये दालियनच्याच गटाने दाखवलं होतं की याच पदार्थाच्या साध्या सहा तोंडांच्या घनात भार वेगळे होतच नाहीत, कारण सगळी तोंडं सारखी. कडा छाटून अठरा तोंडांचा स्फटिक केला की ते वेगळे होतात आणि काम सुमारे पाचपट वाढतं.

हे सगळं सांगितल्यावर नातेवाइकांत एक प्रश्न ठरलेला असतो. माझे मामा निफाडला द्राक्षबागायतदार आहेत. मागच्या उन्हाळ्यात म्हणाले, “अगं, हे तुझं पाणी फोडायचं काम आमच्या शेडवर बसव की एखादं. गुंठाभर जागा देतो. पण पाणी किती लागंल तेवढं आधी सांग, मे महिन्यात बोर आटतं.”

गुंठा म्हणजे जवळपास शंभर चौरस मीटर, आणि नेमका तेवढाच प्रयोग झालेला आहे. जपानमधल्या काकिओका इथे दोमेन यांच्या गटाने शंभर चौरस मीटरच्या पट्ट्या उघड्यावर मांडून त्या कित्येक महिने चालवल्या आणि २०२१ मध्ये निकाल छापला. दोन्ही वायू मिसळून निघत, ते पातळ पडद्यातून वेगळे काढत. मिश्रण मुद्दाम पेटवूनही पाहिलं, काही बिघडलं नाही. सूर्याच्या ऊर्जेपैकी हायड्रोजनमध्ये उतरला तो वाटा जास्तीत जास्त ०.७६ टक्के. मी मामांना वहीवर हिशेब करून दाखवला. भर दुपारी चौरस मीटरला एक किलोवॅट ऊन धरलं तर गुंठ्यावर शंभर किलोवॅट. त्यातले पाऊण किलोवॅट हायड्रोजनमध्ये. तासाला साधारण २३ ग्रॅम हायड्रोजन, आणि त्यासाठी फुटलेलं पाणी २०० ग्रॅमच्या आसपास.

“म्हणजे पेलाभर?”

“पेलाभर, मामा. पाण्याची काळजी सोडा.”

“आणि त्याच जागेत ते साधे सोलर पॅनल टाकले तर?”

“वीस किलोवॅटच्या आसपास वीज.”

मामांनी माझ्याकडे, मग वहीकडे पाहिलं. “मग पॅनलच बरे की गं.”

बरेच आहेत, आणि मी त्यांना तसंच सांगितलं. आज कुणाला हायड्रोजन हवा असेल तर पॅनलची वीज इलेक्ट्रोलायझरला देऊन तो काढावा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचा भरही इलेक्ट्रोलायझरवरच आहे. पूड-पाणी-ऊन यांचं आकर्षण असं की त्यात तारा नाहीत, स्वच्छ खोलीत बनवलेला सेल नाही. जमलं तर ते फार स्वस्त असेल. पण अजून जमलेलं नाही, आणि ‘लवकरच’ असं म्हणायची सवय आमच्या क्षेत्राला पन्नास वर्षांपासून आहे.

९६ टक्के आणि ०.७६ टक्के यांतली दरी कुठून आली? स्ट्रॉन्शियम टायटनेट फक्त अतिनील प्रकाश शोषतं, आणि जमिनीवर पोचणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेत त्याचा वाटा चार-पाच टक्के. त्यातलाही काही भागच या पदार्थाच्या कामाचा. दृश्य प्रकाश घेणारे पदार्थ आहेत. कॅडमियम सल्फाइडच्या पट्ट्यांतलं अंतर २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ते पिवळं असतं आणि उन्हातलं बरंच काही गिळतं. पण त्याच्यात होल पाण्याऐवजी स्वतःच्याच गंधकाला खातात आणि पदार्थ विरघळत जातो. ते थांबवायला पाण्यात दुसरं काहीतरी खाद्य घालतात, मिथेनॉल, लॅक्टिक आम्ल, सल्फाइडचे क्षार. होल ते खातात आणि इलेक्ट्रॉन हायड्रोजन बनवत राहतात. मोठमोठे आकडे छापून येतात ते बहुतेक असेच. मला याची चीड येते ती एवढ्यासाठी की मिथेनॉल मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतं. ते जाळून काढलेल्या हायड्रोजनला ‘पाण्यापासून’ म्हणू नये. अर्धी क्रिया तपासायला ती युक्ती चांगली आहे, आम्हीही वापरतो, पण निबंधाच्या शीर्षकात ते अर्धेपण दिसायला हवं.

कॅडमियम सल्फाइडवर मात्र एक स्वस्त सहउत्प्रेरक जबरदस्त चालला, आणि तो नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये ओळखीचा आहे. मॉली ग्रीसमधली काळी भुकटी, मॉलिब्डेनम डायसल्फाइड. २००८ मध्ये दालियनला त्याचा फक्त ०.२ टक्का कॅडमियम सल्फाइडवर बसवला आणि हायड्रोजनचा वेग ३६ पटींपर्यंत वाढला, मौल्यवान धातूंनाही मागे टाकून. इथेही तोंडाचाच खेळ. मॉलिब्डेनम डायसल्फाइड पापुद्र्यापापुद्र्यांचं असतं. पापुद्र्याचा सपाट चेहरा निसरडा आणि आळशी, म्हणूनच तो वंगण म्हणून चालतो. हायड्रोजन बनतो तो कडांवर. डेन्मार्कच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं की वेग पापुद्र्याच्या क्षेत्रफळाशी नव्हे, कडांच्या लांबीशी वाढतो. वर्कशॉपवाल्याला जो सपाटपणा हवा, तो आम्हाला नको.

या वर्षी दोन मुलींनी प्रकल्पासाठी दृश्य प्रकाशाचा पदार्थ मागितला. त्यांना वायू मोजायची घाई आहे. जीसीवर, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखावर, हायड्रोजनचा सुळका दिसला की प्रकल्प झाल्यासारखा वाटतो. मी त्यांना आधी चांदी बसवायला सांगितलंय. सिल्व्हर नायट्रेट प्लॅटिनमपेक्षा पुष्कळ स्वस्त, सही तीच घेतं. चांदी एकाच प्रकारच्या तोंडांवर बसते की सगळीकडे शिंतोडे उडाल्यासारखी, हे फोटोत दिसलं की मग ठरवू. सगळीकडे बसली तर त्या पुडीची तोंडं अजून एकमेकांसारखीच आहेत. अशा वेळी ऱ्होडियम विकत आणण्यात अर्थ नाही, परत भट्टीकडे जायचं. क्षार बदलायचा, तापमान बदलायचं, वाढ सावकाश होऊ द्यायची. “आणि मॅडम, एकाच बाजूला बसली तर?” त्यातल्या एकीने विचारलं. तर दुसऱ्या बाजूला कोबाल्ट, असं मी म्हटलं, आणि तिने ते वहीत लिहून घेऊन पुढे प्रश्नचिन्ह काढलं. दृश्य प्रकाशाच्या बहुतेक पदार्थांमध्ये ती दुसरी बाजू अजून कुणाला धड सापडलेली नाही.